फॉल्ट कोड : उत्तर की प्रश्न?

“कोड काय दाखवतोय?” हा आपल्या पिढीचा पेटंट प्रश्न झाला आहे. होस्टेलच्या वॉशिंग मशीनपासून लायब्ररीतल्या प्रिंटरपर्यंत काहीही बंद पडो, आधी त्याच्या डिस्प्लेकडे बघायचं, तिथला आकडा मोबाइलवर टाकायचा आणि जे पहिलं उत्तर येईल तो पार्ट मागवायचा. झालं ट्रबलशूटिंग! माझं स्पष्ट मत आहे की हे ट्रबलशूटिंग नव्हे. ही डिक्शनरी बघणं झालं. फॉल्ट कोड हे उत्तर नसतं, तो यंत्राने आपल्याला विचारलेला प्रश्न असतो. आणि इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्यांनी तो प्रश्न न सोडवता पान उलटायचं ठरवलं, तर कधी कधी त्याची किंमत पैशात नाही, जिवात मोजावी लागते.

हे मी ज्या यंत्राच्या आधारे सांगणार आहे ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलंही नसेल. फर्नेस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फाउंड्री नाहीतर बॉयलर हाउस येतं. पण अमेरिका-कॅनडात फर्नेस घरात असते! माझी मावशी मिनेसोटात राहते. तिकडे जानेवारीत पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश सहज उतरतो. त्यामुळे तळघरात कपाटाएवढी एक पेटी असते. तिच्यात नैसर्गिक वायू जाळायचा, त्या उष्णतेने हवा तापवायची आणि मोठ्या ब्लोअरने ती डक्टमधून खोल्याखोल्यांत पाठवायची. आपल्याकडे लाइट गेली तर आपण गच्चीवर जाऊन गप्पा मारतो. तिकडे फर्नेस बंद पडली तर काही तासांत घर गारठतं आणि पुढे नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

आता थोडं थर्मो. कंटाळू नका, परीक्षेलाही उपयोगी पडेल! साध्या फर्नेसची वार्षिक कार्यक्षमता साधारण ८० टक्के असते, तर हाय एफिशियन्सी फर्नेसची ९० ते ९८ टक्के. हे वरचे टक्के येतात कुठून? हायर आणि लोअर कॅलोरिफिक व्हॅल्यूमधला फरक आपण सगळ्यांनी घोकलाय ना, मुख्यतः तिथूनच. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. साधी फर्नेस ही वाफ चिमणीतून सोडून देते. हाय एफिशियन्सी फर्नेसमध्ये दुसरा हीट एक्स्चेंजर असतो. तिथे धूर दवबिंदूच्या खाली, म्हणजे साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली, थंड केला जातो. वाफेचं पाणी होतं आणि तिची सुप्त उष्णता घराला मिळते. धूर इतका थंड होतो की त्याला विटांची चिमणी लागत नाही, प्लॅस्टिकचा पाइप पुरतो.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. थंड धूर आपणहून वर चढत नाही, म्हणून त्याला बाहेर ढकलायला इंड्यूसर नावाचा छोटा पंखा हवाच. शिवाय ते पाणी नुसतं पाणी नसतं, आम्लधर्मी असतं. ६० हजार बीटीयूची, म्हणजे साधारण साडेसतरा किलोवॅटची फर्नेस सतत चालली तर ताशी अडीच लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. त्यातलं बरंचसं फर्नेसच्या पोटातच जमतं आणि ट्रॅपमधून, नळीतून बाहेर काढावं लागतं. थोडक्यात, कार्यक्षमता वाढली आणि तिच्यासोबत यंत्र बंद पडण्याच्या जागाही वाढल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फर्नेस सुरू कशी होते, तो क्रम मला फार आवडतो. आपल्या लग्नातल्या विधींसारखा आहे, एक झाल्याशिवाय दुसरा नाही! थर्मोस्टॅट म्हणतो, “उष्णता हवी.” मग कंट्रोल बोर्ड इंड्यूसर फिरवतो. इंड्यूसरने पुरेशी ओढ निर्माण केली की प्रेशर स्विच बंद होतो आणि सर्किट पूर्ण होतं. ही ओढ किती? पाण्याच्या स्तंभाच्या भाषेत जेमतेम इंचाचा काही भाग, म्हणजे शे-दोनशे पास्कल. एवढ्या नाजूक दाबावर सगळा कारभार. त्यानंतर इग्नायटर लालभडक तापतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. पेटले की नाही हे फ्लेम सेन्सर नावाची एक साधी धातूची कांडी काही सेकंदांत सांगते. आणि मग थोड्या वेळाने, हीट एक्स्चेंजर तापल्यावर, ब्लोअर सुरू होतो.

यातली कुठलीही पायरी चुकली की बोर्ड गॅस बंद करतो आणि बोर्डावरचा छोटा एलईडी लुकलुकू लागतो. पॅनेलच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला असतो. कुठे तीन वेळा लुकलुकला तर प्रेशर स्विच, कुठे दोन आकडी कोड, आधी छोट्या लुकलुकी मोजायच्या मग लांब. कंपनीगणिक तक्ता वेगळा, म्हणून शेजाऱ्याच्या फर्नेसचा कोड आपल्या कामाचा नाही. इथपर्यंत ठीक आहे.

आता खरा मुद्दा. बोर्डाला नेमकं काय कळतं? प्रेशर स्विचच्या बाबतीत फक्त एवढंच : २४ व्होल्ट पाठवले, ते परत आले की नाही आले. बस! बोर्डाला बाहेरचा बर्फ दिसत नाही, पाइपमधलं घरटं दिसत नाही, नळीला पडलेली चीर दिसत नाही. तो बिचारा अंधारात बसून एका तारेवरून जगाचा अंदाज घेतोय. तक्त्यावर लिहिलेलं असतं, “प्रेशर स्विच बंद झाला नाही.” आपण वाचतो, “प्रेशर स्विच बिघडला.” या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं निरीक्षण आहे, दुसरा निष्कर्ष. मधली सगळी इंजिनिअरिंग आपण गिळून टाकली!

मावशीकडे गेल्या हिवाळ्यात नेमकं हेच झालं. फर्नेस गुरगुरायची, इंड्यूसर फिरायचा आणि मग सगळं शांत. एलईडी तीन वेळा लुकलुकायचा. काकांनी तक्त्याचा फोटो मला पाठवला, “अगं, तू मेकॅनिकलची ना, बघ काही कळतंय का.” मी मॅन्युअल शोधून वाचायला बसेपर्यंत तिकडे टेक्निशियन येऊन गेलासुद्धा. त्याने तक्ता बघितला, प्रेशर स्विच बदलला, दोनशेहून जास्त डॉलर घेतले. फर्नेस सुरू झाली. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच, तीन लुकलुकी! मग त्याच कंपनीने फोनवर सांगितलं, “आता इंड्यूसर मोटर बदलावी लागेल.” त्याचा खर्च तर कितीतरी जास्त.

काकांनी दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. वयस्कर होता म्हणे. त्याने आल्याआल्या एकही पार्ट काढला नाही. आधी विचारलं, “सुरूच होत नाही, की सुरू होऊन बंद पडते? कधीपासून? मधे काय बदललं?” मग बाहेर जाऊन दोन्ही पाइपांची तोंडं बघून आला. मग मॅनोमीटर लावायला प्रेशर स्विचची रबरी नळी काढली, आणि नळीतून पाणी टपकलं. तिथेच त्याला अर्धं उत्तर मिळालं. ड्रेनच्या ट्रॅपमध्ये गाळ साचला होता. पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते मागे तुंबून दाब मोजायच्या छिद्रापर्यंत चढलं होतं. ट्रॅप धुतला, नळी साफ केली, पुन्हा दाब मोजला, काम खलास. इंड्यूसर ठणठणीत होता आणि जुना प्रेशर स्विचही बहुधा ठणठणीतच होता.

मग पहिल्याने स्विच बदलल्यावर दोन दिवस फर्नेस चालली कशी? हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. स्विच बदलताना त्याने नळी काढली, तेव्हा तिच्यातलं पाणी सांडून गेलं. नवा स्विच नाही, ती रिकामी झालेली नळी दोन दिवस काम करत होती! पाणी पुन्हा भरलं, फर्नेस पुन्हा बंद. म्हणजे यंत्र सुरू झालं याचा अर्थ निदान बरोबर होतं असा होत नाही. हे वाक्य माझ्या मते प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. आणि बघा, पाणी जमणारच नाही अशा जुन्या फर्नेसमध्ये हा फॉल्ट झालाच नसता. मघाशी म्हटलं ना, कार्यक्षमतेसोबत नव्या जागा येतात. ज्याला यंत्र का आणि कसं चालतं हे माहीत आहे, त्यालाच कुठे बघायचं ते सुचतं.

बाकीच्या कोडचंही तेच. “ज्योत सापडली नाही” असा कोड घ्या. बर्नर पेटलेच नाहीत तर शोध इग्नायटर, गॅस व्हॉल्व्ह, गॅसचा दाब या बाजूला. बर्नर पेटले आणि काही सेकंदांत विझले तर शोध फ्लेम सेन्सरकडे. कोड एक, पण वाटा दोन! ज्योतीत आयन असतात म्हणून तिच्यातून वीज वाहते. कांडी लहान आणि बर्नरचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे एसीचा काही मायक्रोअँपिअरचा डीसी होतो. तेवढ्यावर बोर्ड ज्योत ओळखतो. कांडीवर बारीकसा थर बसला, अर्थिंग सैल झालं, किंवा कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तरी ज्योत समोर धडधडत असताना बोर्ड म्हणतो, “मला नाही दिसली.” बारीक पॉलिश कागदाने कांडी पुसली तर सुटणाऱ्या प्रश्नासाठी लोक अख्खा बोर्ड बदलतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तिसरा नेहमीचा कोड म्हणजे लिमिट स्विच, म्हणजे आत प्रमाणाबाहेर गरम झालं. बहुतेक वेळा कारण काय? महिनोन् महिने न बदललेला, धुळीने गच्च भरलेला एअर फिल्टर. हवा पुरेशी वाहत नाही, हीट एक्स्चेंजर तापतो, लिमिट उघडतो. अशा वेळी लिमिट स्विच बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

पैसे वाया जातात, एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. यातला धोकादायक भाग पुढे आहे. कोड जात नाही म्हणून वैतागून काही जण स्विचच्या दोन तारा एकमेकांना जोडून टाकतात. आपल्या भाषेत ‘डायरेक्ट’ करतात. प्रेशर स्विच हा धूर बाहेर जातोय याचा साक्षीदार आहे. तो डायरेक्ट केला की पाइप तुंबलेला असला तरी फर्नेस पेटते. धूर बाहेर नाही गेला तर ज्योतीला हवा अपुरी पडते, आणि अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त ओढीने तो हिमोग्लोबिनला चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतून माणूस उठतच नाही. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अशा विषबाधेने दरवर्षी ४०० हून जास्त माणसं मरतात, असं तिथली सीडीसी ही आरोग्य संस्था सांगते. म्हणूनच मिनेसोटात झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

गंमत म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव पक्का माहीत आहे. बरेच बोर्ड इंड्यूसर फिरवण्याआधी तपासतात की प्रेशर स्विच उघडा आहे ना. पंखा फिरायच्या आधीच तो बंद सापडला तर बोर्ड फर्नेस सुरूच करत नाही आणि वेगळा कोड दाखवतो. म्हणजे साक्ष ऐकण्याआधी साक्षीदार फितूर आहे का ते बघून घेतात! आणि ज्वाळा बर्नरच्या पेटीबाहेर आल्या तर उघडणारा रोलआउट स्विच हाताने बटण दाबूनच रिसेट करावा लागतो. का? कारण कुणीतरी माणसाने तिथे येऊन, थांबून विचार करावा म्हणून. विचार न करता ते बटण दाबणं हा त्या डिझायनरचा अपमान आहे आणि घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे.

“पण आपला काय संबंध? आपल्याकडे कुठे फर्नेस आहे?” असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. होस्टेल सोडून बाहेर फ्लॅटवर राहायला गेलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींच्या बाथरूममध्ये डोकावा. तिथे गॅस गीझर लटकलेला असेल. तो फर्नेसचाच धाकटा भाऊ आहे. तोच गॅस जाळणं, तीच ठिणगी, तीच ज्योत ओळखणारी कांडी. फरक इतकाच की साध्या गीझरला इंड्यूसर नाही, प्रेशर स्विच नाही आणि कित्येक ठिकाणी धूर बाहेर नेणारा पाइपही नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात हिवाळ्यात येत असतात. तिथे कुठलाही एलईडी लुकलुकत नाही. म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा. ते शक्य नसेल तर खिडकी उघडी ठेवा, बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. अंघोळ करताना डोकं जड झालं तर साबण लागलेला असला तरी आधी बाहेर या!

आता माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येणार, हे मला माहीत आहे. पहिला : टेक्निशियनला एवढा वेळ कुठे असतो? उणे वीस अंशांत दिवसाला आठ-दहा घरं करायची, प्रत्येक घरात लोक कुडकुडत वाट बघतायत. हे खरं आहे, आणि त्या माणसाबद्दल मला राग नाही. पण दोन मिनिटं दाब मोजून जे कळलं असतं त्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. मग वेळ वाचला कुठे? दुसरा आक्षेप : हे टेक्निशियनचं काम, इंजिनिअरचं नव्हे. याच्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. तो कोड कुणी लिहिला? तक्त्यावर “स्विच बंद झाला नाही” लिहायचं की “आधी ड्रेन, पाइप आणि नळी तपासा” लिहायचं, हे ठरवलं कुणी? उद्या आपणच ते ठरवणार आहोत. ज्याने कधी फॉल्ट शोधला नाही तो चांगला फॉल्ट कोड लिहूच शकत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. मी कुणालाही गॅसची यंत्रं उघडायला सांगत नाहीये. फिल्टर बदलणं, बाहेरच्या पाइपांवरचा बर्फ काढणं, थर्मोस्टॅटचे सेल बघणं, कोड लिहून ठेवणं, हे घरातल्या माणसाने जरूर करावं. गॅस व्हॉल्व्ह, बर्नर, हीट एक्स्चेंजर ही तयार माणसाची कामं. आणि गॅसचा वास आला तर कोड-बिड काही न बघता, लाइटच्या बटणालाही हात न लावता आधी घराबाहेर पडायचं.

शेवटी आपल्या कॉलेजबद्दल. सरांनी रागावू नये. आपल्या प्रॅक्टिकल्समध्ये यंत्र नेहमी चालूच असतं. रीडिंग घ्या, ग्राफ काढा, जर्नल सबमिट करा. यंत्र बंद पडलं तर “आज प्रॅक्टिकल नाही” म्हणून आपण कॅन्टीनला पळतो. खरं तर त्याच दिवशी प्रॅक्टिकल सुरू व्हायला हवं! होस्टेलच्या पंपाचा ओव्हरलोड रिले ट्रिप झाला की कुणीतरी जाऊन बटण दाबून येतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबतं. मेसच्या बर्नरची ज्योत पिवळी दिसते, भांड्यांची बुडं काळी होतात. चारशे भावी इंजिनिअर रोज ती भाकरी खातात, पण ज्योत पिवळी का हे विचारत नाहीत.

माझी साधी सूचना आहे. प्रत्येक सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल असं असावं की सरांनी किंवा लॅब असिस्टंटनी यंत्रात मुद्दाम एक सुरक्षित फॉल्ट टाकून ठेवायचा आणि आम्हाला तीन तास द्यायचे. मार्क फॉल्ट सापडण्याला कमी, कागदावरच्या क्रमाला जास्त. काय दिसलं, त्याची कारणं कोणकोणती असू शकतात, आधी काय तपासलं आणि का, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजलं का. पार्ट बदलायचा असेल तर आधी लिहून द्यायचं की हाच का. याला नवी लॅब नको, ग्रँट नको. आपल्याकडे बिघडलेल्या यंत्रांचा तुटवडा तर नक्कीच नाही! आणि आमचे लॅब असिस्टंट, ज्यांना एखादं इंजिन नुसतं ऐकून काय बिघडलंय ते कळतं, त्यांच्याकडून आम्हाला खरंच काही शिकता येईल. आत्ता आम्ही त्यांच्याकडून फक्त सही घेतो.

तोपर्यंत होस्टेलमधल्या मंडळींसाठी एकच गृहपाठ. पुढच्या वेळी काही बंद पडलं आणि समोर कोड आला, तर मोबाइल खिशातच ठेवून एक मिनिट थांबा. या यंत्राला नेमकं काय कळलं, आणि काय कळूच शकत नाही, ते स्वतःला विचारा. नंतर खुशाल सर्च करा. आणि पंपाच्या त्या बटणापासून सुरुवात केलीत तर फारच उत्तम. सकाळी पाणी सगळ्यांनाच हवं असतं.